पहिलं पान शेवटी

"नऊ पिनांवर वेलांटी तुटती," त्रिंबक म्हणाला आणि त्याने कागद ट्यूबलाइटकडे धरला. "हे बघा मुजीबभाई. 'विद्यार्थ्यांची' म्हणून लिहिलंय. रफार कुठं गेला?"

मुजीबभाईंनी चष्मा कपाळावर सरकवून कागद पाहिला. रफार खरोखरच गेलेला होता. औरंगपुऱ्यातल्या त्यांच्या दुकानात दोन कॉम्प्युटर शेजारी शेजारी मांडलेले होते. मराठी अक्षरं काढणारं कार्ड दोन्हींत होतं. एकाचा पडदा रंगीत, पण सोबतचा प्रिंटर नऊ पिनांचा, विरळ ठिपक्यांनी अक्षर काढणारा. दुसऱ्याचा पडदा काळा-पांढरा, पण प्रिंटर चोवीस पिनांचा, दाट ठिपक्यांचा. रंगीत पडदा आणि चांगला प्रिंटर असं दोन्ही घ्यायचं म्हटलं, तर बँकेने मंजूर केलेलं कर्ज पुरणार नव्हतं.

रंगीत पडद्यासमोर तात्यासाहेब बसले होते. सफारी घातलेला हा भारदस्त माणूस मघापासून विटा फोडण्याच्या खेळात गुंतला होता. चेंडू खाली आला की ते कळ अशी दाबत, की टेबल हलावं. गारखेड्यातली त्रिंबकच्या टायपिंगच्या दुकानाची इमारत त्यांची, आणि कर्जाला जामीनदारही तेच राहणार होते. म्हणून माल बघायला सोबत आले होते.

"देखो त्रिंबकभाई," मुजीबभाई म्हणाले, "टायपिंग के वास्ते ये काला-सफेद बस है. पन तुम बोले शाम को बच्चे गेम खेलने आएंगे. तो कलर होना. काली मोटार चलाने को कौन पैसे देंगा?"

"खरंय त्यांचं," तात्यासाहेब पडद्यावरची नजर न काढता म्हणाले. "रंगीत घे. मला बी वेळ जायला बरं."

त्रिंबकने दोन्ही कागद पुन्हा एकदा शेजारी धरले. दिवसा टायपिंग आणि संध्याकाळी तासावर खेळ, असा त्याचा हिशेब होता. खेळाशिवाय हप्ता निघणार नव्हता. पण खेळातली गाडी करडी असली तरी पळते. प्रबंधातली वेलांटी तुटली, तर गाईड पान तोंडावर फेकतो.

"चोवीस पिनांचा द्या," तो म्हणाला. "खेळाच्या दोन फ्लॉप्या त्यात घालून द्या. पोरं खेळतील करड्यात."

तात्यासाहेब हसले. तुझं दुकान, तुझी अक्कल, म्हणाले, आणि जाता जाता मुजीबभाईंकडून चहा उकळला. संक्रांत झाली की पुढच्या आठवड्यात बँकेत सही करायची, असं ठरलं.

त्रिंबकचा बाप मुंजाबा पाचोडकडच्या रानांत मेंढरं घेऊन फिरायचा. तात्यासाहेबांच्या वडिलांच्या शेतात उन्हाळ्यात त्यांचा कळप बसे. लेंड्यांचं खत शेताला मिळे, त्या बदल्यात वाड्यावरून ज्वारी. त्या ओळखीवर त्रिंबक शहरात आला, टायपिंग शिकला आणि तात्यासाहेबांनी गारखेड्यात इमारत बांधली तेव्हा तिच्यातला एक गाळा त्याला मिळाला. चिकलठाण्यात, मग वाळूजला कारखाने वाढले, तसे अर्ज वाढले. पोरं गावाकडून एसटीने यायची आणि उभ्या उभ्या अर्ज टाइप करून घेऊन कंपनीच्या गेटावर पळायची. पुढे विद्यापीठातले विद्यार्थी प्रबंध घेऊन येऊ लागले. त्रिंबकने टाइप केलेल्या प्रबंधात गाईडला चूक सापडत नाही, अशी बोलवा झाली.

पण गेल्या वर्षभरात कंपन्यांच्या जाहिरातींत टायपिंगच्या जागी कॉम्प्युटर हा शब्द आला होता. क्रांती चौकाकडे नवं सेंटर निघालं होतं आणि त्रिंबककडे टायपिंग शिकणाऱ्यांची सकाळची बॅच तिकडे गेली होती. धूळ बसू नये म्हणून आठ टाइपरायटरांवर कापडं घातलेली असत. त्यातली पाच आता दिवसभर निघत नसत. कॉम्प्युटर आला नाही, तर दोनेक वर्षांत दुकानाला कुलूप, हे त्याला स्वच्छ दिसत होतं. बायकोला, सरूबाईला, त्याने तसं सांगितलंही होतं.

त्याच्या दुकानाचा एक रिवाज होता. प्रबंधाचं पहिलं पान सगळ्यात शेवटी टाइप करायचं. दोन-अडीचशे पानं झाली, तपासून झाली, गाईडची मान हलली, की मग ते तोंडचं पान. विषय, नाव, वर्ष, विद्यापीठ. त्या पानाचे पैसे तो घेत नसे. ज्याने आतली पानं टाइप केली, तोंडचं पान त्यानेच करायचं, हेही ठरलेलं. दुसरीकडे टाइप झालेल्या प्रबंधाचं नुसतं पहिलं पान कुणी करायला आणलं, तर तो परत पाठवी.

संक्रांतीच्या दिवशी विद्यापीठाच्या नामविस्ताराची घोषणा झाली. विधिमंडळात ठराव होऊन पंधरा वर्षं उलटली होती. त्या पंधरा वर्षांत किती वस्त्या जळाल्या, किती माणसं मेली, ते औरंगाबादेत कुणाला सांगावं लागत नव्हतं. चौकाचौकांत पोलीस उभे होते. कुठे पेढे वाटले जात होते, कुठे दुकानांची शटरं खाली होती. गारखेड्यात तिळगूळ देणारी माणसं एकमेकांना गोड बोला म्हणत होती आणि तेवढ्यावरच बोलणं थांबवत होती.

दुसऱ्या दिवसापासून त्रिंबककडे गर्दी झाली. त्याच्याकडे टाइप झालेले ज्यांचे प्रबंध अजून सादर व्हायचे होते, त्या सगळ्यांना पहिलं पान नव्या नावाने हवं होतं. आलेल्यांत एक प्राध्यापक होते. स्कूटर त्यांनी गल्लीच्या तोंडालाच लावली होती. हे तात्यासाहेबांचे जावई. त्यांची पीएच. डी. त्रिंबकनेच टाइप केली होती, पहिल्या पानासकट. आता ते पान बदलायला आले होते. युनिव्हर्सिटी घेत नाही म्हणे जुनं, असं ते दोनदा म्हणाले. त्रिंबकने पान करून दिलं. जाताना त्यांनी कागद फाइलमध्ये घातला आणि फाइल पिशवीत.

नवं नाव पूर्ण कसं लिहायचं, हेच लोक दोन दिवस विचारत राहिले, म्हणून तिसऱ्या दिवशी त्रिंबकने नव्या पानाचा एक नमुना दाराच्या काचेवर चिकटवला. विषयाच्या जागी टिंबं, नावाच्या जागी टिंबं, खाली विद्यापीठाचं पूर्ण नाव.

त्याच संध्याकाळी द्वारका आली. ही मुकुंदवाडीची. आई भामाबाई चिकलठाण्याच्या एका कारखान्यात झाडलोट करायची, आणि द्वारकाचा एम. फिल.चा विषयही तोच, कारखान्यांतल्या कंत्राटी बायका. तिचा प्रबंध दिवाळीतच टाइप होऊन पडला होता. फक्त पहिलं पान तिने करू दिलं नव्हतं. डिसेंबरात एका कॉलेजात जागा निघाली होती, गाईडने ताबडतोब सादर कर म्हणून सांगितलं होतं. द्वारकाने ऐकलं नाही. ती जागा गेली. त्रिंबकने तेव्हा तिला वेडी म्हटलं होतं. ती फक्त म्हणाली होती, "सर, तेवढं थांबू द्या."

आता तिने विचारलं, "सर, उद्या करता का?"

"उद्या सकाळी या, ताई. अकराला."

ती गेली आणि तात्यासाहेब आले. दारातच थांबून त्यांनी काचेवरचं पान वाचलं. मग आत येऊन विद्यार्थ्याच्या स्टुलावर बसले.

"ते पान काढ," ते म्हणाले.

त्रिंबकने उठून पान काढलं. गाळा त्यांचा, काच त्यांची. एक नमुना लावला काय नि काढला काय. तो परत येऊन बसला, तरी तात्यासाहेब उठेनात.

आवाज न चढवता ते बरंच बोलले. त्यांच्या बोलण्यात राग कमी आणि काळजी जास्त होती, निदान ऐकायला तरी. लोक बोलतात. दिवस वाईट आहेत. कुणी दगड मारला तर काच जाईल आणि उद्या येणारं मशीनही जाईल. त्यांनी स्वतः या नावाविरुद्ध मोर्चे काढलेले, भाषणं केलेली, आता त्यांच्याच इमारतीत हे नाव दिवसभर छापलं जातंय, हे चार लोकांत कसं दिसतं. तेव्हा आतली पानं खुशाल कर, तोंडचं पान तेवढं लोकांना बाहेर करून घ्यायला सांग.

"बाहेर कसं?" त्रिंबक म्हणाला. "आख्खं काम माझं, अन् पयलं पान दुसऱ्यानं करायचं?"

"एका पानानं काय होतंय?"

"मग होऊ द्या की इथंच."

तात्यासाहेबांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. इतक्या वर्षांत त्याने असं उत्तर दिलं नव्हतं.

"त्रिंबका, तुझ्या बापाची मेंढरं आमच्या रानात बसायची. इसरलास व्हय?"

तो विसरला नव्हता. ज्वारीच्या पायलीसाठी वाड्याच्या पायरीखाली उभा राहिलेला बाप त्याला आठवत होता. आणि मेंढरं ज्या वर्षी बसली, त्या वर्षी ते रान कसं पिकायचं, तेही आठवत होतं. ते त्याने बोलून दाखवलं नाही. पण जे तोंडातून गेलं, ते त्याने ठरवलेलं नव्हतं.

"परवा जावईबापू येऊन गेले. त्यांचं पान इथंच केलं, ह्याच मशिनीवर. ते नाय खटकलं तुम्हाला?"

तात्यासाहेबांना ठाऊक होतं. चेहऱ्यावरूनच कळलं.

"त्याचं निराळं हाय. त्याच्या नोकरीचा सवाल हाय."

"आत्ता पोरगी येऊन गेली, तिच्याबी नोकरीचाच सवाल हाय."

तात्यासाहेब उठले. दारापाशी सफारीची सुरकुती नीट केली. "सोमवारी बँकेत येणार होतो मी," ते म्हणाले. "तुझं तू बघ." गाळा खाली कर वगैरे ते काही म्हणाले नाहीत. तेवढी त्यांना गरजही नव्हती.

घरी सरूबाईने सगळं ऐकून घेतलं. ती चिडणार हे त्याला माहीत होतं, आणि ती चिडली. ना आपल्या जातीचं नाव, ना आपली पोरगी. लोकांच्या पायी आपल्या तव्यावरची भाकर का ओढायची? तात्यासाहेबांचे उपकार मोजले तर रात्र सरेल. माफी मागून या, म्हणाली. ती पोरगी दुसरीकडून पान करून घेईल, तिचं काय अडलंय?

"तिचं अडलं नाय," त्रिंबक म्हणाला.

"मग कुणाचं अडलंय?"

जावयाचं पान चालतं आणि भामाबाईच्या पोरीचं चालत नाही, हे त्याला घासासारखं गिळता येत नव्हतं. आयुष्यात त्याने पुष्कळ गिळलं होतं. हे खाली उतरत नव्हतं, इतकंच. सरूबाईने ताट वाढलं, आदळलं नाही. त्यावरून त्याला वाटलं, की तिला कळलं असावं, किंवा ती थकली असावी.

सकाळी त्याने मुजीबभाईंना फोन केला. मुजीबभाईंनी दुसरा जामीनदार बघा म्हटलं, आठ दिवस मशीन अडवून ठेवतो म्हटलं. पण घर-शेत दाखवू शकेल असा माणूस त्रिंबकच्या ओळखीत एकच होता. सोडून द्या, असं त्याने सांगितलं. मग मुजीबभाई म्हणाले, "प्रिंटर लेकिन तुम सही चुने थे."

अकराला द्वारका आली. त्रिंबकने चार कार्बन घालून कागद चढवला. तोंडच्या पानावर विद्यापीठाचं नाव उठून दिसावं, म्हणून टाइपरायटरवर प्रत्येक अक्षरानंतर एक जागा सोडतात. मोठं अक्षर काढायची दुसरी सोय त्या यंत्रात नसते. त्याने ओठांत अक्षरं मोजली, समासाच्या खुणा बाहेर सरकवल्या, पुन्हा मोजलं.

"ताई, जागा सोडून केलं तर एका ओळीत बसत नाय. दोन ओळी व्हतील. जागा न सोडता केलं तर बसंल, गर्दीत बाकीच्यांचं तसंच केलंय."

द्वारकाने कागदाकडे पाहिलं.

"जागा सोडूनच करा, सर. होऊ द्या दोन ओळी."

तो कळा मारू लागला. एक अक्षर, एक जागा. पाच प्रतींवर उमटायला हवं, म्हणून बोट जोराने पडत होतं. दाराबाहेर, व्हरांड्यात तात्यासाहेबांची खुर्ची टाकलेली होती आणि ते तिच्यात बसून पेपर वाचत होते. कळांचा आवाज तिथवर जात होता. दार लावून घ्यावं असं त्रिंबकच्या मनात आलं, पण त्याने लावलं नाही.

पान झालं. द्वारकाने पर्स उघडली, तर त्याने मान हलवली. पाचही प्रती लावून घ्यायला तिला जागा हवी होती. मशिनांच्या ओळीत जागा नव्हती. खिडकीपाशी एक टेबल होतं. सुताराने ते मंगळवारी आणून दिलं होतं, अजून पॉलिशचा वास जात नव्हता, आणि मागच्या बाजूला कॉम्प्युटरच्या तारा जाण्यासाठी एक गोल भोक पाडलेलं होतं.

"इथं ठेवू का, सर? की काही यायचंय इथं?"

"ठेवा," त्रिंबक म्हणाला. "काय यायचं नाय."

तिने हाताने टेबल पुसलं आणि पाच गठ्ठे ओळीने मांडले. पाचव्याखाली ते भोक झाकलं गेलं. मग एकेका गठ्ठ्यावर ती पहिलं पान ठेवत गेली. कडेला कड जुळेपर्यंत हलवून, सावकाश.