रेवडीचं पिल्लू

माझ्या पणजोबांचं नाव विचाराल तर मी डोकं खाजवत बसेन. रेवडीच्या पणजोबांचं मात्र छापील आहे, वर शिक्का. पॉमेरियन जातीची ही पांढरी, जेमतेम तीन किलोची कुत्री आमच्या सिडकोतल्या घरात आली तेव्हा सोबत तिच्या तीन पिढ्यांचा कागदही आला. माझ्या बायकोनं, द्वारकेनं, तो कपाटात आमच्या लग्नाच्या फोटोखाली ठेवलाय.

कुत्रं घरात घ्यायला माझा विरोध होता. वाळूजच्या कारखान्यात टूलरूममध्ये बत्तीस वर्षं काढलेला माणूस मी. केस गळणारी वस्तू मला घरात नको होती. अर्थात माझा विरोध कोण विचारतो!

पण दोन वर्षांपूर्वी द्वारकेला झटका आला आणि तिचा उजवा हात लुळा पडला. दवाखान्यातून व्यायामाला रबरी चेंडू मिळाला, तो तिनं चार दिवसांत कोपऱ्यात टाकला. रेवडीला कुणी काही सांगितलं नव्हतं. ती दुपारी द्वारकेच्या मांडीवर चढते, त्या निर्जीव हाताखाली डोकं घालते आणि तशीच पडून राहते. मग हळूहळू बोटं हलतात. तीन बोटं. मी जवळ बसून मोजली आहेत. पहिल्यांदा मोजली त्या दिवसापासून केसांबद्दल मी चकार शब्द काढलेला नाही.

तर यंदा रेवडी माजावर आली. दुसऱ्याच दिवशी द्वारका म्हणाली, "ही अजून किती वर्षं ऱ्हाईल ओ?"

"पाच-सहा. का गं?"

"मग या हाताखाली काय ठेवू मी? उशी?"

"दुसरं पिल्लू आणू की."

"दुसरं नको. हिचंच पाहिजे." ती म्हणाली, "मागच्या बारीचं एक होतं. ते तुम्ही दिलं."

तीन वर्षांत तिनं हे पहिल्यांदा तोंडावाटे काढलं. मला कुणी थोबाडीत मारल्यागत झालं, कारण ते खरं होतं.

मागच्या खेपेला रेवडीला पिल्लू अडलं होतं. पोट फाडून काढावं लागलं. तिनांतली दोन मेलेली, एक जिवंत. आता रिवाज असा, की ज्याचा नर त्याची पहिली निवड. पिलांमधलं कुठलंही एक त्यानं आधी उचलायचं, राहिलेली मादीवाल्याची. नर होता वहाबभाईंचा. औरंगपुऱ्यात त्यांचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान आहे, आमची जुनी ओळख. एकातून कसली निवड करायची! वहाबभाई बिचारे म्हणाले होते, "राहू द्या, बद्रीभाऊ." पण मला शब्दाचा पक्का म्हणवून घ्यायची खाज. दिलेला शब्द म्हणजे शब्द, असं मी छाती काढून म्हणालो. द्वारकेचा हात तेव्हा धड होता. त्याच हातानं तिनं पिल्लू वहाबभाईंच्या टोपलीत ठेवलं आणि आत निघून गेली.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्यांनी रेवडीचं पोट चाचपलं, जुने टाके पाहिले.

"ही आता सहा वर्षांची. पुन्हा ऑपरेशन लागणारच असं समजा. जगेल की नाही, निम्मं-निम्मं धरा."

"म्हणजे करू का नको?"

"ते तुम्ही ठरवायचं. पण एकदा नराला लागली की मागं फिरता येणार नाही, हे लक्षात ठेवा. गर्भ पाडायचं औषध हिच्या पिशवीला झेपायचं नाही."

निम्मं-निम्मं! असलं माप लिहिलेला कागद टूलरूममध्ये माझ्या टेबलावर आला असता तर मी आल्या पावली परत पाठवला असता. मला बाईंचा भयंकर राग आला. खरं तर त्यांनी 'नाही' म्हणावं अशी माझी इच्छा होती, म्हणजे मला द्वारकेला सांगता आलं असतं की बाईच नाही म्हणाल्या.

कुत्रीच्या बाबतीत विचार करायला सवड नसते. रक्ताचा पहिला डाग दिसल्यापासून दिवस मोजायचे. अकरावा, बारावा, फार तर तेरावा. मग पुढची पाळी सहा महिन्यांनी, आणि तोवर रेवडी आणखी म्हातारी. नवव्या दिवशी मी ठरवलं, नाही न्यायचं. दहाव्या दिवशी दुपारी द्वारकेची तीन बोटं रेवडीच्या कानामागे खाजवताना पाहिली आणि ठरवलं, न्यायचं. अकराव्या दिवशी द्वारकेलाच विचारलं.

"मला नका विचारू," ती म्हणाली. "मी हो म्हनले आन् हिचं काय झालं तर? तुम्हीच ठरवा."

म्हणजे पुन्हा मीच. मला वाटलं, एकदा हिचं पिल्लू मी घालवलं, आता मीच आणून द्यायला पाहिजे. बाराव्या दिवशी सकाळी रेवडीला टोपलीत घातलं आणि रिक्षा केली. मादीनं नराच्या घरी जायचं, हाही रिवाजच. द्वारका दारापर्यंत आली. तिनं डाव्या हातानं टोपलीचं झाकण नीट केलं.

वहाबभाईंचं घर रोशन गेटजवळ. रिक्षात मी मनाशी एक पळवाट तयार ठेवली होती. पहिली निवड त्यांची, आणि या खेपेलाही एकच जगलं तर? मग नेऊन उपयोग काय? वहाबभाईंनी हक्क सोडला नाही तर उलट्या पावली घरी.

त्यांनी बसायला खुर्ची दिली आणि माझ्या आधी तेच बोलले. "भाभींचं कळलं मला. लई वाईट वाटलं. तुमचं ते पिल्लू, आमची चांदनी, परत दिली असती हो, पण पोरगी तिला हैदराबादला घेऊन गेली सासरी. या बारीला माझा हक्क नक्को. एकच झालं तरी भाभींचं."

चांगल्या माणसानं असं कोंडीत धरल्यावर काय करायचं? मी मान हलवली. त्यांच्या बायकोनं, सगीराभाभींनी, चहा पाठवला. वहाबभाईंनी अंगणाची कडी लावली आणि आपल्या नराला, नवाबला, सोडलं. फारसा वेळ लागलाच नाही. मला उगाच वाटत होतं की रेवडी तरी नको म्हणेल.

नर लागला की जोडी अडकते. पाव तास, कधी अर्धा तास. ओढून सोडवायला गेलं तर मादीला आतून इजा होते. तोवर दोघांना धरून बसायचं, दुसरं काही करता येत नाही. वहाबभाईंनी नवाबला धरलं, मी फरशीवर बसून रेवडीला. तिचं काळीज माझ्या तळहाताखाली धडधडत होतं.

तेवढ्यात खिशातला फोन वाजला. माझे हात गुंतलेले, म्हणून वहाबभाईंनीच तो काढून आवाज मोठा करून माझ्यापुढे धरला.

"कुठं पोचलात ओ?" द्वारका.

"इथंच. वहाबभाईंकडं."

"झालं का काय?"

मी वहाबभाईंकडे पाहिलं. त्यांनी खाली पाहिलं.

"नाय," मी म्हणालो. "अजून नाय."

"देव पावला बाई." ती रडत होती. "तिला घेऊन या घरी. मला नको पिल्लू. तुम्ही गेल्यापासून हात मांडीवर घेऊन बसले. हिच्याबिगर घर कसं ऱ्हातंय ते बघितलं. तासाभरात बघितलं. पिल्लापायी मी हिला नाय घालवायची. निघताय ना?"

"व्हय," मी म्हणालो. "निघतोच."

वहाबभाई ओठ न हलवता पुटपुटले, "दहा मिन्टं तरी लागतील. वढू नक्का, मरंल ती."

"तिच्या कानाला लावा जरा फोन," द्वारका म्हणाली.

काय कारण सांगणार? वहाबभाईंनी माझ्याकडे पाहत फोन रेवडीच्या कानाशी नेला.

"रेवडे, चल गं माय. चल घरी."

रेवडीनं कान टवकारले. आवाज कुठून आला म्हणून दाराकडे पाहिलं आणि सगळा जीव एकवटून तिकडे झेप घेतली. वेदनेनं ती केकाटली, तरी पुन्हा ओढायला लागली. माझी दहाही बोटं धड आहेत. त्या दहा बोटांनी मी तिला फरशीशी दाबून धरलं, आणि फोनमधून द्वारका विचारत राहिली, "काय झालं ओ? का वरडतीय ती?"