आकारामचं डोकं

बनुबाईचा थोरला लेक डोकी बनवतो, हे फलटणच्या बाजारापासून गावच्या पाणवठ्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं, कळलं मात्र एकालाही नव्हतं. चुलत दीर नाथाजी तर मुद्दाम चार माणसांत विचारायचे, "वैनी, आमच्या पोराला, गुंडाला, एखादं धाडायला सांगा की आकारामला. ह्याचं चालंनाच झालंय."

"आधी तुमच्या मापाचं बघू द्या, भावजी," बनुबाई म्हणायची. "एवढं बारकं करतोय का, ते इचारते."

तिला स्वतःला ते डोकं पक्कं कळलं होतं. शाळा दुसरीतच सुटली म्हणून काही अक्कल सुटत नाही. पंचाहत्तर साली आकाराम अमेरिकेहून परत आला, तेव्हा चुलीपुढं बसून त्यानं तिला सांगितलं होतं. कॉम्प्युटर नावाच्या यंत्राला आठवण ठेवायला एक तबकडी असते, ग्रामोफोनसारखी. तिच्यावर लोखंडाच्या पुडीचा लेप असतो. ती गरगर फिरते आणि तिच्यावर एक नखाएवढं डोकं लिहितं, वाचतं. पण टेकत नाही. केसाचे उभे पन्नास भाग करायचे, त्यातल्या एका भागाएवढी फट ठेवून वाऱ्यावर तरंगतं.

बनुबाईनं तापल्या तव्यावर पाण्याचा थेंब उडवला. थेंब न टेकता थुईथुई नाचला. "असं?"

आकाराम बघतच राहिला. "आई, हे तिथल्या साहेबांना समजवायला मला फळा लागला."

सात वर्षं तो तिथं होता. डोकं हलकं करायचं, म्हणजे ते बंद यंत्रात तबकडीवर अलगद बसेल आणि यंत्र सुरू झालं की आपोआप उचललं जाईल, हा त्याचा ध्यास. त्यासाठी त्यानं डोक्याच्या पोटाला दोन खाचा पाडायची युक्ती काढली. तिचा पेटंटचा छापील कागदही निघाला. त्या कागदावर वर कंपनीचं नाव, खाली त्याचं, आणि तेही बापाचं नाव कापून नुसतं एक अक्षर ठेवलेलं.

"म्हंजी राबायचं आपण आन् सातबारा दुसऱ्याच्या नावावर," बनुबाई म्हणाली होती. "मग कशाला ऱ्हायचं तितं? ये हिकडं."

तो आला. पण हिकडं म्हणजे काय, तर सांगलीच्या औद्योगिक वसाहतीत पत्र्याचं छप्पर, एक लेथ, एक ज्योतिबा नावाचा कामगार, आणि आतल्या बाजूला प्लॅस्टिकचे पडदे लावलेली एक खोली. लेक लग्नाचं नाव काढीना, खानावळीचं खाऊन पोट बिघडवून घेतलेलं, म्हणून बनुबाई गावाकडचं घर धाकट्याच्या हवाली करून भांडीकुंडी घेऊन सांगलीला आली. त्या आतल्या खोलीत जायचं तर पायाला फडकं, डोक्याला फडकं, तोंडाला फडकं. देवघरालाही एवढं सोवळं नसतं. ज्योतिबा तिला सोवळ्याची खोलीच म्हणायचा.

दोन वर्षं गेली. दोन वर्षांत आकारामच्या डोक्यानं बनुबाईचं डोकं फिरवायचं बाकी ठेवलं नाही. डोकं ज्यातून कापायचं, तो काळा दगड परदेशातून यायचा, तो बंदरात चार-चार महिने अडकायचा. आला की कापताना तडकायचा. हिऱ्याच्या पुडीनं घासत-घासत एखादं डोकं आरशासारखं व्हायला आलं, की नेमकी वीज जायची. वीज असली तर बाहेरून उसाची गाडी खडखडत जायची आणि मेज हादरायचं. हळदीच्या हंगामात तर वाराच पिवळा. पडद्यातून धूळ येते म्हणून आकाराम पडदा धुवायचा, ओला पडदा सुकेपर्यंत काम बंद.

"आरं, ह्यापरास पाट्याला टाकी लावायचा धंदा केला असतास, तर दारात बाया रांग लावून उभ्या ऱ्हायल्या असत्या," ती म्हणायची. तो हसायचासुद्धा नाही. तोच तर राग.

शेवटी एक संधी आली. पुण्याची एक कंपनी कॉम्प्युटरची यंत्रं जोडायची, पण डोकी बाहेरून मागवायची. त्यांनी कळवलं की आमचं यंत्र आधी धाडतो, तुमचं डोकं त्यात बसवून आठ तास चालवू. चाललं तर पुढं तुमचीच घेऊ. चाचणी एकदाच. दिवस ठरला सत्त्याहत्तर सालच्या दसऱ्यानंतरचा तिसरा.

खंडेनवमीला ज्योतिबानं लेथला, पान्यांना, कानशींना हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली. आकारामनं त्याला बजावलं, "आतल्या खोलीकडं फिरकायचं न्हाई."

"मालक, मेन मशीनच बिनपूजेचं?"

"ते माझ्याकडं लागलं."

दसरा झाल्यावर ठरल्या दिवशी पुण्याच्या कंपनीचे देवस्थळीसाहेब आले. सरळ माणूस, कमी बोलणारा. सकाळी आठाला तबकडी फिरू लागली. बनुबाई बाहेर लेथजवळ बसून कान लावून होती. नऊ वाजले, दहा वाजले, नुसती एकसुरी घूं घूं. दुपारी एकच्या सुमाराला तिनं चहा टाकला, कप भरले आणि पडद्याशी आली, तोच आतून आवाज आला, पाटीवर खिळा ओढल्यासारखा. मग सगळं बंद.

साहेबांनी झाकण उघडलं. तबकडीवर एक गोल ओरखडा आणि त्याच्या कडेनं तांबडी पूड.

"हे काय?" साहेब वाकले. मग दाराबाहेरच्या लेथवरचा झेंडू त्यांच्या नजरेला पडला. "कुंकू? पूजा केलीत का यंत्राची?"

ज्योतिबानं दोन्ही कान पकडले. "आईशप्पत साहेब, मी आत पाऊल टाकलं न्हाई!"

आकाराम वळला. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. "आई," तो म्हणाला, "तू आत आली होतीस?"

बनुबाईनं कप पडद्याशी खाली टेकवले. नऊ वर्षं झाली होती ह्याच्या बापाला जाऊन. नऊ वर्षांत कुंकवाच्या करंड्याला तिचं बोट लागलं नव्हतं. हळदीकुंकवाला दुसऱ्यांच्या उंबऱ्यावर ती कधी उभी राहिली नव्हती. आणि हा, पोटचा, सात समुद्र हिंडून आलेला, केसाचा पन्नासावा भाग ज्याला दिसतो, त्याला आईचं कपाळ दिसत नव्हतं! तिच्या जिभेवर अशी काही शिवी आली की पत्रा उडाला असता.

पण साहेब वही उघडत आकारामशी बोलत होते. "हे बघा पाटील, बाहेरची पूड गेली असेल, तर तो अपघात. तसं लिहितो, दिवाळीनंतर पुन्हा तारीख देतो. पण डोकंच खाली बसून घासलं असेल, तर विषय संपला. मग बाहेरूनच मागवणार. काय लिहू?"

बनुबाईनं शिवी गिळली. आयुष्यात एवढा कडू घास तिनं गिळला नव्हता.

"मीच लावलं कुंकू," ती म्हणाली. "दसरा व्हता. म्हटलं, यंत्र उपाशी ऱ्हाऊ ने. लिवा साहेब. आडाणी बाई हाय मी."

ज्योतिबानं धरलेले कान सोडले. साहेबांनी मान वर केली. त्यांची नजर तिच्या कपाळावर गेली. तिथं नुसतं गोंदण होतं, हिरवं, जुनं. त्यांनी नजर खाली घेतली आणि पेनाचं टोपण काढलं.

"थांबा साहेब."

आकारामनं चिमटीत पूड घेतली, बोटांत चोळली, खिडकीपाशी धरली. मग डोकं काढून भिंगाखाली धरलं. मागची कड उजेडाकडं वळवली.

"हे कुंकू न्हाई. तबकडीचा लेप आहे. गंजाचाच प्रकार, रंग तसाच. डोकं तापल्यावर मागची कड खाली झुकली. खाच मी खोल घेतली. चूक माझी."

"आकाराम, गप!" बनुबाई ओरडली.

"पाटील," साहेब सावकाश म्हणाले, "हे मी ऐकलं नाही असं होऊ शकतं."

"ऐका आणि लिहा."

साहेबांनी लिहिलं. गार झालेला चहा त्यांनी उभ्या-उभ्या घेतला, कारण बनुबाईनं तो पुढं केला होता आणि नको म्हणायची त्यांची छाती नव्हती. जाताना आकारामला म्हणाले, "आमच्याकडं या. बाहेरून येणारी डोकी बसवायला माणूस हवाच आहे."

जीप गेली. मग बनुबाईनं पदर खोचला.

"बापजन्मात एक खोटं बोलले रं! कुणासाठी? मेलेल्या नवऱ्यापुढं तोंड काळं करून घेतलं, आन् तू ते मातीत घातलंस! आता जा, लोकांची डोकी बसवत बस! तुझ्या खाचंची नक्कल करून धाडतील, तीच बसव सलाम ठोकून!"

"आई, त्या वहीत तुझ्या नावावर राहिलं असतं ते."

"ऱ्हाऊ दे की! वही काय पंचायतीत वाचणार व्हता तुझा साहेब? माझं नाव मी सांभाळलं असतं. तू तुझं डोकं सांभाळायचं!"

"आणि दिवाळीनंतर काय? हेच डोकं पुन्हा पाच तासांनी घासलं असतं." आकारामचा आवाज पहिल्यांदाच चढला. "तवा काय लावलं असतंस? गुलाल?"

   बनुबाई गर्रकन वळली.

"तू काय बघतोस रं मेल्या?" ती ज्योतिबावर कडाडली. "बंद कर तो लेथ!"

लेथ सकाळपासून बंदच होता. ज्योतिबानं तरी जाऊन पुन्हा एकदा बटण खाली केलं.