चांगुणाबाईंचा पाळणा कुणाचा?

मी एक पाळणा बोलतोय. दोरीला टांगलेला नव्हे. बारशाला बायका म्हणतात तो, गाण्याचा.

नळदुर्गजवळच्या एका शिवारात, तुरीच्या खुरपणीत माझा जन्म झाला. चांगुणाबाईंची तान्ही पौर्णिमा बांधावरच्या झोळीत रडत होती. हातातलं खुरपं न थांबवता त्यांनी मला जोडलं:

निज गं माझी मैना, डोळं झाक,
शाळंच्या घंटीला लगीच जाग.

पोरगी झोपली. शेजारी खुरपणाऱ्या कस्तुराबाईंनी विचारलं, "अगं, ह्ये कुठलं गाणं?"

"कुठलं न्हाय. आत्ताच आलं तोंडात."

मग मी बारशाबारशाला गेलो. कुणी एखादं कडवं लांबवलं, कुणी चाल जरा वर नेली. चांगुणाबाई हसायच्या. मलाही बरं वाटायचं. पौर्णिमा मोठी झाली. आता ती धाराशिवला कायदा शिकते.

गेल्या वर्षी एका बारशाला दिग्विजय नावाचा तरुण मोबाइल घेऊन आला. त्याचं गाण्यांचं चॅनेल आहे. "मावशी, परत म्हणा की जरा. लई गोड हाय." चांगुणाबाईंनी लाजत लाजत पुन्हा म्हटलं. वर त्याला जेवूनच जा म्हणाल्या.

थोड्याच दिवसांत मी कीबोर्ड नि ढोलकीवर, एका कोवळ्या आवाजात वाजू लागलो. खाली लिहिलं होतं: गीत, संगीत, सर्व हक्क दिग्विजयचे. चिडलेल्या पौर्णिमानं आईचा गातानाचा व्हिडिओ टाकला. दिग्विजयनं तक्रार केली आणि त्या व्हिडिओतला आवाज बंद झाला. चांगुणाबाईंचे ओठ हलताना दिसत होते. मी नव्हतो.

पौर्णिमानं वकील गाठले, महांतप्पा. ते म्हणाले, "गाणं ज्यानं रचलं, हक्क त्याचा. नोंदणी नसली तरी चालतं. पण तुमच्या आईनंच रचलं, हे सांगणारं कोण आहे?"

पौर्णिमानं आईला, कस्तुराबाईंना आणि आणखी चौघींना जीपमध्ये बसवून धाराशिवला नेलं.

"गाणं कुणी रचलं?" वकिलांनी विचारलं.

"आमी. समद्यांनी," कस्तुराबाई ठसक्यात म्हणाल्या. "चांगुणा काय आमच्यापरीस येगळी हाय व्हय?"

बाकीच्यांनी माना डोलावल्या. मैत्रिणीला एकटं पाडायचं नाही, एवढंच त्यांच्या मनात होतं.

"काकू, तसं न्हाय!" पौर्णिमा उठलीच. "तुरीत काय झालं ते सांगा की!"

"त्यांना शिकवू नका," वकील म्हणाले. "चांगुणाबाई, तुम्ही सांगा."

मी जीव मुठीत धरून वाट पाहत होतो. बाई, एकदाच म्हणा, माझं आहे.

चांगुणाबाईंनी पदर सावरला. "माझं एकटीचं कसं म्हणू, सायेब? ह्या समद्या समूर बसल्यात."

वकिलांनी पेनाला टोपण लावलं. "मग हे लोकगीत झालं. कुणालाही गाता येतं."

"मग आईलाच का नाही?"

"त्यांनाही येतं. पण ते मान्य करून घ्यायला लढावं लागेल. किती वर्षं, सांगता येत नाही."

त्या खोलीत मला जन्मताना पाहिलेल्या दोघी बसल्या होत्या. माझी आई कोण हे मला पक्कं ठाऊक आहे. पण मला माझं तोंड नाही. कुणी गायलं तरच मी उमटतो.

परवा कस्तुराबाईंच्या नातीचं बारसं झालं. बायकांनी चांगुणाबाईंना पुढं ढकललं. लगेच मोबाइल वर झाले. त्यांनी पौर्णिमाकडं पाहिलं. "म्हणलं आन् त्यानं पुन्हा तक्रार केली, तर तुला कालेजात तरास न्हाय ना व्हायचा?"

"न्हाय गं आई, म्हण तू." पण पौर्णिमाचा आवाज कापला, आणि तो चांगुणाबाईंना ऐकू गेला. उघडलेलं तोंड त्यांनी मिटलं.

"असू द्या मावशी," मागून कुणीतरी म्हणालं, "मोबाइलवर हाय की!" आणि मी वाजू लागलो, कीबोर्डसकट. बायकांनी टाळ्यांचा ताल धरला. चांगुणाबाई माझ्या तालावर मुकाट्यानं दोरी ओढत राहिल्या.

मला ऐकणाऱ्यांनो, एवढं करा. मी कुठं कीबोर्डसकट वाजताना ऐकू आलो तर मला बंद करा. तेवढ्या शांततेत त्या कदाचित पुन्हा तोंड उघडतील.