मान खाली घातली की

मी एक गाठ. हा शब्द ऐकला की घरातल्या मोठ्यांची बोबडी वळते, म्हणून आधीच सांगते: मी कॅन्सर नाही. रक्ताच्या बारीक नळ्यांचा गुंता आहे मी, कानाखालच्या लाळग्रंथीत जन्मलेला. फार दुर्मीळ, म्हणे. पण तोरा मिरवायचा तर कुणी ओळखायला तर हवं!

माझी मालकीण काकांच्या चष्म्याच्या दुकानात काम करते. डोळ्याला भिंग, हातात बारीक स्क्रू, मान सतत खाली. ती वाकली की माझ्यात रक्त उतरतं आणि मी टुम्म फुगते. ती ताठ बसली की ओसरते. भरायचं, रिकामं व्हायचं, पुन्हा भरायचं. स्वस्थता म्हणून नाही.

काकांनी तिला ओळखीच्या डॉक्टरांकडे नेलं. ती खुर्चीत ताठ बसली. मी गायब! डॉक्टरांनी मान चाचपली. "काही नाही, मनाचे खेळ."

झालं. काकांना हत्तीचं बळ आलं. "कामाचा कंटाळा, दुसरं काय! आणि असलंच काही तर सुई टोचून पाणी काढून टाकू. आम्ही गळवं अशीच फोडायचो."

पाणी? अहो, आत रक्त आहे रक्त! पण गाठीचं कोण ऐकतं? इथे मुलीचंच कुणी ऐकत नाही.

ती मात्र उसळली. "सुईला हात तर लावून बघा, काका!" आणि एकटीच मोठ्या इस्पितळात गेली.

तिथल्या सर्जनबाई म्हणाल्या, "मान खाली घाल."

"लहानपणापासून हेच ऐकतेय! इथेही तेच?"

बाई खो खो हसल्या. "अगं, मोठ्यांसाठी नाही, गाठीसाठी!"

तिने मान खाली घातली, आणि मी पहिल्यांदाच कुणासमोर थाटात फुगले.

तपासण्या झाल्या. मी निरुपद्रवी, पण वाढतेय. शिवाय चेहरा हलवणारी नस माझ्या अंगावरूनच जाते. काढताना तिला धक्का लागला तर ओठ वाकडा, डोळा मिटायचा नाही.

"चेहऱ्याशी खेळ नको गं," काका म्हणाले. आवाज कधी नव्हे तो हळू. "तुझ्या आईला काय तोंड दाखवू?"

"चेहरा माझा आहे ना? मग मला विचारा. काढायची."

आज टेबलावर तिला झोप लागलीय. मी मात्र टक्क जागी. सर्जनबाई, मला खुशाल काढा. फक्त घाई करू नका. त्या नसेपासून अलगद सोडवा. ही मुलगी रागावते तेव्हा तिच्या दोन्ही भुवया एकदम वर जातात, आणि तिला अजून पुष्कळ जणांवर रागवायचं आहे.