अर्जदाराची चूक

भिकाजी शिवलकरांनी रत्नागिरीच्या कचेरीबाहेर, वडाच्या सावलीत टेबल टाकून, अडतीस वर्षं लोकांचे अर्ज लिहिले. किती लिहिले ते देवाला ठाऊक. एवढं मात्र खात्रीने सांगता येईल की त्यातला एकही अर्जदार सुखवस्तू नव्हता, एकाचीही तब्येत धड नव्हती आणि एकानेही आयुष्यात कधी चूक केलेली नव्हती. बांध सरकवायचा तो शेजारी. मुदत टळायची ती टपालामुळे. दुसऱ्याच्या बागेत म्हैस शिरली असेल तर ती अर्जदाराच्या नकळत शिरायची, आणि प्रकरण फारच बिकट असेल तर म्हशीच्याही नकळत.

पुढे सगळं ऑनलाइन झालं. टेबल घरी आलं आणि भिकाजी शिवलकर मांडवीतल्या समस्त आळीचे नुसते नाना झाले. पण हात कुठे स्वस्थ बसतो? दर आठवड्याला नाना स्वतःच्या नावाने एक अर्ज लिहीत. गटाराचं झाकण, खांबावरचा दिवा, पहाटे भुंकणारे कुत्रे. प्रत्येक अर्जाची स्थळप्रत फायलीत, आणि मूळ प्रत संबंधित कार्यालयाला. संबंधित कार्यालय हा नानांच्या उतारवयातला फार मोठा विरंगुळा होता.

तर जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी शेजारची योगिनी सुर्वे मुलीला पुढे घालून आली. योगिनी बालवाडीत शिकवायची. नवरा संदेश बोटीवर, वर्षातले नऊ महिने पाण्यात. मुलगी सानवी बारावीला होती आणि तिच्या काखेत लॅपटॉप होता.

"नाना, हिचा अर्ज आहे," योगिनी म्हणाली. "उद्या संध्याकाळी पाचला बंद होतोय."

अर्ज हा शब्द ऐकताच नानांनी सुपारी कातरायची थांबवली. "कोणाच्या नावे करायचा?"

"नावे नाही करायचा, नाना," सानवी म्हणाली. "तिकडे उत्तरेला एक विद्यापीठ आहे. शंभरातले चार घेतात. घेतलं तर सगळी फी माफ. मार्क त्यांनी बघितलेत, आता पाच प्रश्न दिलेत. प्रत्येकाला दीडशे शब्द. इंग्रजीत मी करीन, पण आधी मराठीत नीट सुचायला हवं."

"दीडशे?" नाना म्हणाले. "अगं, माझा मायनाच तेवढा असतो."

पहिला प्रश्न होता, तुम्ही कोण आहात. नानांनी तो दोनदा वाचला आणि प्रसन्न झाले. हे त्यांचं घरचं मैदान होतं. दहा मिनिटांत मजकूर तयार झाला: 'अर्जदार ही अत्यंत गरीब, होतकरू व निर्व्यसनी असून तिचे वडील दर्यावर्दी असल्याने असून नसल्यासारखे आहेत.'

योगिनीच्या डोळ्यांत पाणी आलं. "किती छान लिहिलंत, नाना."

"बाबा रोज फोन करतात," सानवी म्हणाली. "आणि आपण अत्यंत गरीब कुठे आहोत? आपल्याकडे फ्रीज आहे."

"फ्रीज लिहायचा नसतो."

"नाना, त्यांना माझी दया यायला नकोय. त्यांना मी कोण ते कळायला हवंय."

"दया आल्याशिवाय कळत नाही कोणाला काही," नाना म्हणाले. अडतीस वर्षांचा अनुभव होता तो, उगाच बोललेलं वाक्य नव्हतं.

तिसरा प्रश्न होता, आमच्याकडे येताना तुम्ही सोबत काय घेऊन याल. योगिनी लगेच कामाला लागली. "आंबे तोवर संपलेले असणार. फणसपोळी देऊ. कोळंबीचे सोडे देऊ, बांधून दिले की वास नाही येत. किती माणसं असतील गो तिथे?"

"आई, वस्तू नाही विचारत ते."

"मग काय रिकाम्या हाताने जाणार आहेस?"

असं करत करत चार उत्तरांचं काहीतरी जमलं. निम्मं नानांचं, निम्मं सानवीचं, आणि तिसऱ्यात योगिनीच्या हट्टाखातर फणसपोळी. राहिला होता पाचवा. सानवीने तो वाचून दाखवला. "तुमच्या हातून झालेली एक चूक सांगा. त्यानंतर तुम्ही काय केलंत?"

नानांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "हा सापळा आहे."

"सापळा कसला?"

"कबुलीजबाब मागतायत. हा कागद कायम त्यांच्याकडे राहणार. उद्या तुझ्याच विरुद्ध काढतील. लिही: अर्जदाराकडून आजतागायत कोणतीही चूक झालेली नाही. सोबत नगरसेवकाचा दाखला जोडला आहे."

"दाखला जोडायला जागाच नाही, नाना."

"मग 'दाखला मागाहून सादर करण्यात येईल' असं लिही."

योगिनीला ते एकदम पटलं. लॅपटॉप मिटून सानवी घरी गेली, आणि जाताना नानांच्या दारातल्या चपला उगाचच सरळ करून गेली.

सोमवारी दुपारी दोन वाजता ती एकटीच आली.

"पाचवं मी माझंच लिहिलंय, नाना. आईला अजून नाही दाखवलेलं. आधी तुम्ही ऐका."

नाना खुर्चीत टेकले. सानवी उभ्यानेच वाचू लागली, शाळेत प्रतिज्ञा म्हणतात तशी.

'आमच्या किनाऱ्याकडे वळणाऱ्या रस्त्यावर एक बंद पडलेलं सायकलचं दुकान आहे. त्याच्या फळ्यावर मी नववीपासून रोज सकाळी भरती-ओहोटीच्या वेळा लिहिते. माझ्या बाबांनी मला गणित शिकवलं: जी तिथी असेल तिची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, ओहोटी त्यानंतर सहा तासांनी. ओहोटीला बायका खडकांवरची कालवं काढायला जातात, त्या फळा बघून निघतात. एकदा मी कॅलेंडर न बघता पौर्णिमेपासून बोटांवर तिथ्या मोजल्या. त्या पंधरवड्यात एक तिथी दोन दिवस होती. मी एक दिवस पुढे गेले. फळ्यावर ओहोटी नऊची लिहिली, ती होती सव्वाआठची. पाणी पाऊण तास आधीच फिरलं. चार बायका खडकावर अडकल्या. मिरकरवाड्याच्या एका होडीने त्यांना काढलं. हौसाकाकीची टोपली वाहून गेली. चूक माझी होती हे मी कोणाला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी मी खडकाच्या फटीत एक काठी रोवली आणि तिच्यावर खुणा केल्या. तेव्हापासून आधी पाणी बघते, मग लिहिते.'

वाचून झालं. नाना उठले, त्यांनी कपाट उघडलं आणि 'समुद्र व किरकोळ' असं लिहिलेली फाईल काढली. पानं उलटता उलटता त्यांचा हात एका जागी थांबला. ते पान सानवीला न दाखवताच फाईल परत ठेवावी, असं त्यांना अगदी मनापासून वाटलं. पण स्थळप्रत लपवायची सवय नव्हती.

सानवीने वाचलं. 'विषय: मांडवी येथील फळ्यावर भरतीची चुकीची वेळ लिहून नागरिकांची दिशाभूल केल्याबाबत.' पहिल्या तीन परिच्छेदांत अर्जदार सकाळी फळा वाचून निर्धास्तपणे खडकांकडे फिरायला गेले असता त्यांचा नवा पायजमा गुडघ्याच्या वरपर्यंत कसा भिजला, याचं साद्यंत वर्णन होतं. चौथ्यात म्हटलं होतं, 'सदर फळा लिहिणारा इसम बेजबाबदार असून त्यास समुद्राची यत्किंचितही जाण नाही. तरी त्याच्यावर कठोर कारवाई व्हावी, ही विनंती.' खडकावर अडकलेल्या चार बायकांचा अर्जात कुठेही उल्लेख नव्हता.

"सदर इसम म्हणजे मी," सानवी म्हणाली.

"मला वाटलं, तो फळा सरकारी असेल."

खरं तर संशय यायला हवा होता. महिनोन्महिने एकही दिवस खाडा न करता, सूर्य उगवायच्या आत, सुवाच्य अक्षरात काम करणारं कार्यालय नानांनी हयातीत दुसरं पाहिलं नव्हतं.

"मग? कारवाई झाली का, नाना?"

"आठ महिन्यांनी उत्तर आलं. सदर फळा या कार्यालयाचा नाही."

सानवी हसली. नानांनाही हसू आलं असतं, पण तो पायजमा डोळ्यांपुढून हलेना.

तीन वाजता योगिनी बालवाडीतून थेट तिथेच आली. तिने लॅपटॉपवरचं उभ्या उभ्या वाचलं आणि मटकन खाली बसली.

"सानू, चार बायका बुडायच्या राहिल्या, हे तू लिहून पाठवणार? तुझ्याच हाताने? शंभरातले चार घेतात म्हणतेस. उरलेल्या शहाण्णवांनी तरी असलं काही लिहिलं असेल का? नाना, तुम्ही सांगा हिला. ते कालचं वाक्य चांगलं होतं."

दोघी नानांकडे बघू लागल्या. कालच्या वाक्याचा कागद टेबलावरच होता. अडतीस वर्षं त्या वाक्याने कोणाचं वाईट केलं नव्हतं. फारसं चांगलं केल्याचंही नानांना आता आठवेना. आणि आपला सल्ला चुकीचा निघाला तर भोगणार होती पोरगी, नाना नव्हे. त्यांनी पेन उचललं आणि परत ठेवलं.

तेवढ्यात बाहेरून हाक आली. "नाना, कालवं हवीत का वो? ताजी हायत."

हौसाकाकी पायरीवर टोपली टेकवत होती. योगिनीने तिला आतच ओढलं. "ये गो, तूच ऐक. त्या दिवशी तुम्ही खडकावर अडकलात ना, त्या फळ्याची वेळ या बयेने चुकवली होती. आणि आता ते साऱ्या जगाला कळवायला निघालीय."

सानवीचा चेहरा पडला. तीन वर्षं जे सांगायला जीभ रेटली नव्हती, ते आईने एका दमात सांगून टाकलं होतं.

हौसाकाकीने पदराने तोंड पुसलं. "मग त्यात नवीन काय? मला ठाव हाय."

"तुला ठाऊक होतं?" सानवीने विचारलं.

"फळा कोण लिवतो ते आम्हा बायकांना म्हायत नसंल होय? तुझा बापूस आम्हाला वेळ सांगायचा तवा तो बी असाच बोटांवर मोजायचा, एकदा आम्हाला भिजवलाय त्यानं. मी म्हणलं, आता काय या फळ्याकडं बघायचं नाय. तर दुसऱ्या दिवशी सकाळी बघत्ये तर पोर गुडघाभर पाण्यात हुबी राहून काठी रोवतेय. एकटीच. तवा म्हणलं, आता या फळ्यावर इस्वास ठेवायला हरकत नाय." मग तिने लॅपटॉपकडे बोट दाखवलं. "लिवतेस तर टोपलीबरोबर चप्पल बी लिव. नवी व्हती."

मग नानांनी कालचा कागद उचलला आणि शांतपणे मधोमध फाडला.

"दाखला मिळाला," ते म्हणाले. "जोडायला जागा नाही म्हणालीस ना? मजकुरातच घाल. 'मी कोणाला सांगितलं नाही' याच्यापुढे लिही, हौसाकाकीला आधीच माहीत होतं, हे मला आज कळलं. आणि ते 'अत्यंत गरीब' पण काढ. फ्रीजवाली माणसं आहात तुम्ही."

"नाना!" योगिनी म्हणाली.

"योगिनी, मी चूक न केलेल्या माणसांचे हजारांनी अर्ज लिहिले. वाचणाऱ्याला त्यातला एक तरी लक्षात राहिला असेल असं मला वाटत नाही."

योगिनीने लॅपटॉप पुन्हा स्वतःकडे ओढला. पूर्ण वाचलं, या वेळी बसून. मग म्हणाली, "गुडघाभर पाण्यात उभी होतीस, ते का नाही लिहिलंस? दीडशेत बसत असेल तर घाल."

पुढचा दीड तास सानवी इंग्रजी करत होती आणि बाकीचे तिघं एकेक शब्द वाचवत होते. चप्पल राहिली, 'नवी' गेली. हौसाकाकीला ते शेवटपर्यंत पटलं नाही. फणसपोळी मात्र कोणालाही काढू दिली नाही. पाचला दहा मिनिटं असताना सानवीने बटण दाबलं. पडद्यावरचं चक्र फिरत राहिलं, फिरतच राहिलं, आणि थांबलं.

"पोच घे," नाना म्हणाले. "पोच घेतल्याशिवाय जागचं हलायचं नाही."

फेब्रुवारीत त्या लोकांनी व्हिडिओवर मुलाखत घेतली. अर्ध्या तासाच्या मुलाखतीत वीस मिनिटं काठीबद्दलच बोलणं झालं. खुणा किती अंतरावर, लाटांचं काय करतेस, पावसाळ्यात काय. मार्चच्या अखेरीला निकाल आला. संदेशने बोटीवरून फोन करून, आनंदाच्या भरात, बोटांवर मोजण्याबद्दल बायकोची आणि हौसाकाकीचीही माफी मागून टाकली.

जुलैच्या अखेरीस सानवी निघाली. सामानात फणसपोळी होती. जाण्याआधी तिने नानांच्या हातात खडूची पेटी ठेवली.

त्याच दुपारी नानांनी संबंधित कार्यालयाला पत्र लिहिलं. 'विषय: तीन वर्षांपूर्वीची तक्रार मागे घेण्याबाबत. महोदय, सदर इसमास समुद्राची जाण नसल्याचे अर्जदाराने कळवले होते. सदर चूक अर्जदाराची आहे.' एवढंच. मायना धरून तीस शब्दसुद्धा झाले नाहीत. पाकीट बंद करण्याआधी त्यांनी ते वाक्य पुन्हा वाचलं. हातून असलं काही लिहिलं जाण्याची पहिलीच वेळ होती. स्थळप्रत फायलीत गेली. उत्तर अजून यायचं आहे.

गणपती झाले, समुद्र निवला आणि बायका पुन्हा खडकांकडे निघाल्या. पहिल्या सकाळी नाना कॅलेंडर बघून, पाऊणपट कागदावर दोनदा करून, बंद सायकल दुकानापाशी जाऊन उभे राहिले आणि झोकदार अक्षरात त्यांनी वेळ लिहिली. खाली 'तरी कृपया नोंद घ्यावी' असंही लिहिलं.

हौसाकाकी टोपली कमरेला लावून फळ्यासमोर थांबली. "काय वो नाना, तिथी क्यालेंडरात बघितलीत ना?"

"बघितली."

"आणि काठी?"

नानांनी खडू खिशात टाकला, पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडला आणि किनाऱ्याच्या दिशेने चालायला लागले.

"सावकाश जावा," हौसाकाकी मागून ओरडली. "आमी थांबतो हितं."