दिवेलागणीला उघडं दार

साहेब, तुम्ही माझं घर नासवलंत. चॅनेलच्या गार ऑफिसात बसून ते कळायचं नाही, म्हणून फोनवर सांगतो.

साताऱ्याजवळचं आमचं घर तुम्ही तीन दिवस शूटिंगला घेतलंत. टीव्हीपुरता विनोदी पिक्चर, म्हणालात. रविवारी दुपारी तो लागला तेव्हा अर्धी आळी आमच्या सोप्यात बसली होती. नवरा फौजेत, बायको घरी एकटी. दिवेलागणीला ती मागचं दार उघडते, शेजारचा हिरो आत. तेवढ्यात नवरा पुढच्या दारात, हिरो कणगीत. सगळे खो खो हसले. मीही हसलो.

म्हातारी बनुबाई तेवढी म्हणाली, "आगं बया, दिवं लागताना मागचं दार? लक्षुमी निघून जाईल की!"

"लक्षुमी जातीया, गडी येतोय," आळीतला सिद्धू म्हणाला. "दादासो तात्या, तुमी किती वर्सं व्हता वो फौजेत?"

बावीस.

माझं हसू तिथंच अडकलं. एकदा न कळवता रजेवर आलो होतो. अशीच दिवेलागण होती, आणि आमचं मागचं दार सताड उघडं होतं. तेव्हा काहीच वाटलं नव्हतं. आता डोक्यातनं जाईना. पिक्चरमधली बाई खोटी, हे कळत होतं. पण दार तर आमचंच होतं ना! सोमवारी मी त्याला चार खिळे ठोकले.

माझी बायको हरणा शेणाची पाटी घेऊन पुढच्या दारानं, सगळ्या आळीदेखत जाऊ लागली. आठव्या दिवशी मीच तोंड उघडलं.

"तवा मी रजेवर आलतो... मागचं दार उघडं का व्हतं गं?"

तिनं पाटी खाली ठेवली. "पिच्चर बघून इचारताय व्हय?"

"सांग की."

"एस्टीचा फाटा मागनंच दिसतुया. साताऱ्याची शेवटची गाडी दिवं लागतानाच यायची. तुमी कवा कळवून आलाय? कोण उतरतंय ते बघायची रोज. सासूबाईंच्या लय शिव्या खाल्ल्या, पर दार लावलं न्हाई."

पाटी डोक्यावर घेऊन ती पुढच्या दारानं गेली.

खिळे मी ठोकले, कबूल. आत्ता दिवेलागण झालीय. हरणा देवापुढं दिवा लावतेय, माझ्याकडं पाठ करून. मी पक्कड घेऊन मागच्या दाराशी उभा आहे. फाट्यावर गाडी थांबल्याचा आवाज आला. साहेब, बोला. खिळे निघतील, पण तिनं मागं वळून बघितलं तर मी काय सांगू?