शिडी घसरली त्याची गोष्ट

कॉलेजच्या पहिल्या दिवशी आईबापांना लिंबूपाणी पाजून, भाषणं ऐकवत एका हॉलमध्ये अडकवून ठेवतात, ते उगाच नाही. पण आर्विड होल्मक्विस्ट तिथून सटकला आणि लेकीच्या मागोमाग सल्लागार ओकरलंडबाईंच्या खोलीत येऊन बसला. लिनियाने आपली खुर्ची बापापासून लांब सरकवली.

गणिताचा कुठला वर्ग घ्यायचा हे दहा मिनिटांत ठरायचं होतं. लिनियाला पहिलं कॅल्क्युलस हवं होतं, अगदी श्रीगणेशापासून. गोची एवढीच, की जुलैत घरबसल्या द्यायची चाचणी तिने दिलीच नव्हती. पहिला प्रश्न उघडला, तेवढ्यात डॅड 'जरा बघू' म्हणत खुर्चीत घुसला आणि जेवायची हाक आली तरी उठला नाही.

"सत्त्याण्णव टक्के," बाई म्हणाल्या. "तू थेट तिसऱ्या कॅल्क्युलसला बस."

आर्विडची छाती फुगून शर्टाचं बटण ताणलं.

"मला पहिल्यापासूनच करायचंय," लिनिया म्हणाली.

"वेडी का काय तू? सत्त्याण्णव मिळवून पहिलं? लोक तोंडात शेण घालतील."

"डॅड, तू गप्प बस ना."

"घाबरतेस कशाला?" बाईंनी चष्मा सावरला. "बरं, सगळ्यात अवघड प्रश्न कुठला वाटला?"

लिनियाला एकही आठवेना. आठवणार कुठून?

"शिडीचा," आर्विड म्हणाला. "भिंतीवरून घसरते ती. तासभर छळलं मला. शेवटी गॅरेजातली शिडी लावून बघितली, तेव्हा कुठे..." आणि तो थांबला.

"घसरली का?" बाईंनी विचारलं.

"गाडीच्या काचेवर."

बाईंनी चाचणी रद्द केली. लिनियाला सोमवारी सकाळी आठचं पहिलं कॅल्क्युलस दिलं आणि पुन्हा असलं काही केलंस तर माझ्याशी गाठ आहे, असा दमही भरला. लिनियाचा जीव भांड्यात पडला. मग तिचं डॅडच्या पडलेल्या चेहऱ्याकडे लक्ष गेलं आणि तिला रागावताच येईना.

"ते तीन टक्के कुठे गेले?" आर्विडने चाचरत विचारलं.

"शिडीतच. उत्तर उणे हवं होतं. तुमची शिडी वर चढत होती."

"समोर पडली हो माझ्या."

बाईंनी खणातून एक अर्ज काढून त्याच्यापुढे सरकवला. गुरुवारी संध्याकाळी गावातल्या मोठ्या माणसांसाठी दुसऱ्या कॅल्क्युलसचा वर्ग भरत असे. आर्विडने नाव लिहिलं. हा विषय पूर्वी घेतला होता का? हो. पूर्ण केला? इथे पेन अडलं. आजोबांचं नळाचं दुकान सांभाळायला डॅडने इंजिनियरिंग सोडलं, हे घरात सगळ्यांना पाठ होतं. आर्विडने लेकीकडे पाहिलं आणि लिहिलं, 'नाही. नापास.'

लिनियाने खुर्ची त्याच्याजवळ ओढली.

"दोनदा," तो हळूच म्हणाला.

"बरं," ती म्हणाली. "पुढचा रकाना भर."